अठ्ठ्याहत्तरच्या आत

घरात तिला ज्या नावाने हाक मारत, ते नाव रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे ती नुसती ‘कॉलेज’. “ए कॉलेज, तिसऱ्या मजल्याची गाडी भर.” “चिठ्ठी वाचता येत नाहीये? कॉलेजला विचार, फी कशाची भरते ती!” सकाळी साडेसात ते बारा खरोखरच्या कॉलेजात भूगोल शिकायचा आणि दुपारी एक ते आठ रुग्णांची ताटं लावायची, असा तिचा दिवस. जगातल्या सगळ्या वाऱ्यांची नावं तिला तोंडपाठ होती आणि गावाबाहेर तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. वय वीस, वजन एक्याण्णव किलो.

आता हे वजन काही तिने हौसेने वाढवलेलं नव्हतं. कॉलेज आणि काम यांच्यामध्ये एक तास, त्यातली पाऊण तासाची पायपीट. जेवायचं कधी? उत्तर स्वयंपाकघरातच होतं. तिथे प्रत्येक ताटावर एक चिठ्ठी असे: ‘मीठ कमी’, ‘साखर नाही’, ‘मऊ’, ‘प्रथिनं जास्त’. ताटं वर जात आणि रोज दहा-बारा ताटं हात न लावता खाली येत. कुणाला घरी सोडलेलं असे, कुणाला मळमळत असे, कुणी त्याच दुपारी गेलेलंही असे. नियम असा होता की परत आलेलं ताट सरळ टाकून द्यायचं. आणि रीत अशी होती की ते मोरीपाशी उभ्याने खायचं, आणि आहारतज्ज्ञ बाई येताना दिसल्या की तोंड पुसून भांड्यांना हात घालायचा. वाटप मुख्य आचारी करत. त्यांना सगळे मामा म्हणत. कॉलेज सगळ्यांत धाकटी, म्हणून तिच्या वाट्याला उरलेलं येई: पाव, बटाटा, भात, वाटीभर कस्टर्ड. भुकेच्या पोटी ती ते दहा मिनिटांत संपवी. दोन वर्षं असं चाललं, मग अंग सुटणार नाही तर काय होणार!

तिचे वडील फरशी बसवणारे कारागीर. तीस वर्षं माणूस गुडघ्यांवर चालला. बसवलेल्या फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करून खाली कुठे पोकळ राहिलंय ते ते डोळे मिटून सांगत. गुडघे दुखले की गोळी, उद्या दुखू नयेत म्हणूनही गोळी. औषधाच्या दुकानात कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गुडघे वाचले, किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ते रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खुर्चीत बसत आणि तिथल्या फरशीला नावं ठेवत.

आई घरी कपडे दुरुस्त करून देई. तिने आधी स्वतःची किडनी पुढे केली, पण तिला रक्तदाबाची जुनी खोड. लेकीचं रक्त मात्र जुळलं. डॉक्टरांनी कागद पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

“सगळं ठीक आहे. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. अठ्ठ्याहत्तरच्या आत या, मग पुढच्या तपासण्या.”

“येते,” ती म्हणाली, जणू पलीकडच्या गल्लीत जाऊन यायचं होतं.

बाबांनीच आधी पाय रोवले. “लेकीचं काढून बापाला लावायचं? हे उलटं काम आहे. मला जमायचं नाही.” पंधरा दिवस त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. शेवटी एका सकाळी ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

“दोन घेऊन मी काय करू, बाबा? एकीवर भागतं म्हणतात. बापावाचून भागत नाही.”

ते म्हणाले, “आधी वजन तर उतरव. बोलाचाच भात!” तो होकार होता, हे घरात तिघांनाही कळलं.

आणि मग पोरीने कंबर कसली. पहाटे उठून कॉलेजच्या मैदानावर. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत तिचा श्वास वर आणि पाय खाली राहिले, मैदानाच्या रखवालदाराने पाणी आणून दिलं आणि “घरी कुणी आहे का न्यायला?” असं विचारलं. महिन्याभरात ती चार फेऱ्या धावू लागली. डबा बदलला. काकडी, गाजर, उकडलेले वाटाणे, एखादं फळ, आणि तो ती शेवटच्या बाकावर वाऱ्यांच्या नकाशाआड संपवी. कुरकुर आवाज झाला की प्राध्यापक फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणत, “आज गाजर वाटतं.” वर्ग हसे, तीही हसे. दुपारी ताटांची गाडी लिफ्टने जाई आणि ती जिन्याने. सात मजले, तीन वेळा. दर वळणावर एक वारा, एक प्रवाह, एक वाळवंट असं म्हणत ती चढे. त्या परीक्षेत तिला कधी नव्हे ते चांगले गुण पडले. शनिवारी पोती मोजायच्या काट्यावर ती उभी राही आणि मामा मोठ्याने ओरडत, “कांदे पन्नास, तांदूळ पंचवीस, कॉलेज सत्त्याऐंशी!” पुढच्या महिन्यात चौऱ्याऐंशी. स्वयंपाकघर टाळ्या वाजवी.

चौऱ्याऐंशीवर काटा अडकला तो अडकलाच. तीन आठवडे हलेना. जिन्यावर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. तेव्हा तिने स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला, आणि तो स्वयंपाकघरातल्या माणसालाच सुचला असता. ‘प्रथिनं जास्त’ची ताटं भाजलेल्या आणि मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी जात. त्या ताटांनी माणसांची जळालेली कातडी भरून येताना तिने पाहिली होती. मग आपल्याला ताकद का येऊ नये? ती मामांना म्हणाली, “मला पाव नको, भात नको. ती ताटं आली तर माझ्यासाठी ठेवाल?” मामा म्हणाले, “बापासाठी करतेस, तुला नाही म्हणू?” त्या दिवसापासून परतलेल्या ताटांतली अंडी, मासळी, कोंबडी, डाळींची घट्ट सूपं तिच्यासाठी झाकून राहू लागली. कधी दोन ताटांचं, कधी तीन. एकाच माणसाने, तेही धडधाकट माणसाने, ते रोज खाऊ नये हे आहारतज्ज्ञ बाईंनी एका वाक्यात सांगितलं असतं. पण त्यांना विचारायचं कसं? विचारलं की ताटं कुठून आली ते सांगणं आलं, आणि सांगितलं की मामांची नोकरी गेली.

घरी तिने बाबांच्या आहाराचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला होता. पाणी मोजून, मीठ नावापुरतं, फळं ठरलेलीच, आणि रोज चार अंड्यांचा पांढरा भाग. डायलिसिसमध्ये अंगातली प्रथिनं वाहून जातात, ती अशी भरून काढायची. आई सकाळी अंडी उकडी: चार त्यांची, दोन हिची. ती धावून येई, घामाघूम, घड्याळाकडे बघत उभ्यानेच खाई आणि पळे. ताटलीत पांढरं जरा जास्त दिसतंय असं तिला एकदोनदा वाटलं. आई माया करतेय, दुसरं काय, असं म्हणून तिने घास ढकलला.

सातव्या महिन्यात मामा ओरडले, “कॉलेज सत्त्याहत्तर!” त्या दिवशी ती मोरीपाशी उभी राहून पोटभर रडली आणि सगळ्यांनी तिला रडू दिलं.

तपासणीच्या सकाळीही ती धावली. नेहमीच्या दुप्पट धावली, काटा वर जाऊ नये या भीतीने. वजनाचं पान पाहून डॉक्टरांनी “शाबास” असं मोठ्याने म्हटलं. चौथ्या दिवशी बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

“लघवीत प्रथिनं उतरली आहेत. रक्तातलाही एक आकडा थोडा वर आहे. काय खाता? पावडरी वगैरे?”

“नाही. घरचंच.”

“व्यायाम?”

तिच्या हातात त्यांनीच दिलेलं पत्रक होतं. त्यात ‘वजन सावकाश उतरवा’ असं लिहिलं होतं आणि सावकाश या शब्दाखाली रेघ होती. घाईने उतरवलं म्हणून हे नाही म्हणतील, असं तिला वाटलं. मामांचा चेहराही डोळ्यांपुढे आला.

“चालते,” ती म्हणाली. “थोडीशी धावते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कारण समजत नाही तोवर मला घाई करता येणार नाही. निरोगी माणसाला मी आजारी करणार नाही. दीड महिना थांबू. पळापळ बंद, साधं जेवा. मग पुन्हा तपासू.”

दीड महिना म्हणजे काही जन्म नव्हे. ती घरी आली, धावण्याचे बूट पलंगाखाली सारले आणि स्वयंपाकघरात मामांना म्हणाली, “आता मला काही ठेवू नका.” बाबा म्हणाले, “अगं, सिमेंट ओलं असताना घाई केली की फरशी हलते. थांबू की.” त्यांचा आवाज बसला होता. ते बोललेही कमी.

चौथ्या आठवड्यात त्यांना ताप भरला. छातीत कफ, मग श्वास पुरेना, आणि त्यांना वरच्या मजल्यावर दाखल केलं. आहारतज्ज्ञ बाई त्यांची फाईल घेऊन स्वतः खाली स्वयंपाकघरात आल्या. कॉलेजच्या बाबांची म्हणून.

“यांच्या रक्तात प्रथिनं इतकी कमी कशी? तीन महिने उतरतच चाललीत. चार अंड्यांचं पांढरं रोज खातात ना?”

“रोज. मीच कागद लिहिलाय.”

“लिहिलंस गं. खातात का?”

तिने एप्रन सोडला आणि जिना चढून गेली. आई वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. तिने विचारलं, आणि आईने पदर तोंडाला लावला.

“त्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, पोर धावून येते, तिच्या ताटात टाक. एक तरी खा म्हटलं, तर एक खायचे. कधी तेही नाही. मला काय कळतंय गं यातलं? मला वाटलं, तुझ्या अंगी लागतंय, चांगलंच आहे.”

तिथे ती बोलली असती तर फार वाईट बोलली असती. ती आत गेली. बाबा उशीला टेकून होते, नाकाला प्राणवायूची नळी.

“बाबा, ते तुमचं औषध होतं.”

त्यांनी डोळे उघडले. चोरी पकडलेल्या माणसासारखं थोडं हसले.

“तू घाम गाळून यायचीस. मी खुर्चीत बसून खायचं? मला ताटाची लाज वाटायची.”

“पण तुम्हाला सांगितलं होतं मी! शंभरदा सांगितलं होतं!”

“ऐक.” त्यांना दम लागला, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. “शेवटी ती किडनी माझ्याकडेच यायची होती ना? मग मी माझ्याच मालावर खर्च करत होतो. पाया भरताना कुणी हात आखडता घेतं का?”

एवढ्या आजारपणातही माणूस हिशेबात चूक कबूल करेना. तिला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदम सहन होईनात, आणि तिने त्यांच्या चादरीत तोंड खुपसलं. तिच्या ताटातलं त्यांचं होतं आणि तिने ते मिटक्या मारत खाल्लं होतं. वर रुग्णालयातली तीन-तीन ताटं. गरज नसलेल्या पोटात दोन्हीकडून भर पडत होती, आणि ज्याला गरज होती तो बाप रिकामा होत होता. हे तिला तेव्हा नीट कळलं. बाबा तिच्या केसांवर हात ठेवून पडून राहिले. त्या दिवसापासून ती खालून त्यांचं ताट स्वतः लावून आणी आणि घासघास भरवी. ते निमूटपणे खात. पण उशीर झाला होता. पाचव्या आठवड्याच्या अखेरीला, दुपारी चारच्या सुमाराला, ते गेले.

घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्या एकदम मोठ्या झाल्या. आई शिवणयंत्रापुढे बसे आणि यंत्र चालवत नसे. भेटायला आलेल्या एकाने वॉर्डातल्या डॉक्टरांचं वाक्य पुन्हा उगाळलं, अंगात प्रथिनं कमी पडली म्हणून ताप झेपला नाही. त्यानंतर आईने जेवण जवळपास सोडलं. विचारलं की एकच म्हणे, “मीच वाढत होते ना. माझ्या हाताने वाढत होते.” लेक समजावी, शेजारीण समजावी. पालथ्या घड्यावर पाणी. तिची मनगटं बारीक होत चालली होती. एक जीव गेला, आता दुसरा आपल्या डोळ्यांदेखत चाललाय, हे लेकीला दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

दीड महिना पुरा झाला त्या दिवशी ती तपासणीला गेली. का गेली? द्यायचं तर आता कुणालाच नव्हतं. पण तिला जाणून घ्यायचं होतं. आईला तिने सांगून ठेवलं, “माझी राहिलेली तपासणी करून येते.” चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेली तेव्हा डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“अगदी स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “काहीही दोष नाही.”

तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. धावणं, जिने, मामांचं नाव गाळून ती ताटं, अंडी. एवढे दिवस जीभ टाळ्याला चिकटली होती, आता थांबेना. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“एवढ्या धावण्याने आणि तसल्या जेवणाने हे आकडे तात्पुरते वर जातात. हे त्या दिवशी सांगितलं असतंत,” ते शेवटी म्हणाले, “तर आठ-दहा दिवसांत पुन्हा पाहिलं असतं.”

“मग बाबा वाचले असते?”

“ते मी सांगू शकत नाही. त्यानंतरही पुष्कळ काही बाकी होतं. खरंच सांगू शकत नाही.”

ती रुग्णालयाबाहेर आली आणि फाटकापाशी उभी राहिली. आई विचारणार. रिपोर्ट स्वच्छ आहे म्हटलं तर त्याचा अर्थ आईला लागायला वेळ लागणार नाही. लेकीची किडनी चांगली होती, नवऱ्याच्या तोंडचं काढून लेकीच्या ताटात घातलं, तिथेच सगळं बिघडलं, दोन्हीकडून बिघडलं. आईने शाळा चौथीत सोडली होती, पण एवढी बेरीज तिला येत होती. लेकीने कागदाचे चार तुकडे केले आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पेटीत टाकले.

आई दारातच होती. “काय म्हणाले गं?”

“माझ्यात मुळातच दोष निघाला, आई. जन्मापासूनचा. बाबांना माझी चाललीच नसती. वजन उतरवलं, न उतरवलं, अंडी खाल्ली, न खाल्ली, काही फरक पडला नसता.”

आईने दाराची चौकट धरली. मग ती हळूच खाली बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जमलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात आईचं रडणं थांबलं. तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवला.

“म्हणजे... तुला पण?”

याचा विचार तिने फाटकापाशी केला नव्हता.

“तसं काही नाही गं. थोडासा दोष. जपलं की झालं.”

“जपायचं. जपायचंच.” आई उठली. पदराने तोंड पुसलं, चुलीपाशी गेली. कितीतरी दिवसांनी घरात भांड्यांचा आवाज झाला. “आजपासून पळापळ बंद. कामावर जिने चढायचे नाहीत, मामांना मी स्वतः सांगून येईन. आणि जेवण माझ्या डोळ्यांसमोर. एकदा फसले, आता नाही फसायची.”

त्या संध्याकाळी आईने दोन ताटं वाढली. स्वतःही जेवायला बसली. पहिला घास तिने पोरीच्या आधी घेतला नाही, तिच्याकडे बघत राहिली. लेकीने भात कालवला. त्यात मीठ नव्हतं, भाजीत नव्हतं, कशातच नव्हतं. वीस वर्षांची, सत्त्याहत्तर किलोची, चार फेऱ्या न थांबता धावणारी पोर. आता किती वर्षं हे असं खायचं, हे ठरवणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

“अळणी लागतंय का गं?” आईने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “चांगलं झालंय. तू जेव.”